जिन्यासमोरचा डबा

पहाटेचे सव्वाचार. आमच्या शेजारणीनं पिकअप पार्किंगच्या तोंडाशीच थांबवली, दिव्यांच्या उजेडात उभ्या गाड्या मोजल्या, "सात. फार गर्दी आहे," म्हणाली आणि गाडी वळवली.

मी दीड वाजता उठले होते. थर्मासभर चहा केला होता, थालीपीठं बांधून घेतली होती. कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सहून पूडर नदीच्या खोऱ्यानं वर चढत, 10,276 फुटांचा कॅमेरॉन पास ओलांडून पलीकडे नॉर्थ पार्कमध्ये उतरेपर्यंत दोन तास जीव मुठीत धरून बसले होते. आणि गर्दी किती, तर सात गाड्या! गाडीमागे दोन धरले तरी चौदा माणसं. समोर राउट नॅशनल फॉरेस्ट, दहा लाख एकरांहून मोठं. जिनं चौदा वर्षं डोंबिवली फास्टच्या लेडीज डब्यात एका पायावर उभं राहून ठाणं गाठलं, तिच्यासमोर चौदा माणसांना गर्दी म्हणायचं? मला तो सरळ अपमान वाटला. पण गाडी तिची, परवाना तिचा, बंदूक तिची. मी एवढंच म्हटलं, "जंगल मोठं आहे की."

"जंगल मोठं आहे," ती म्हणाली, "वाट एकच आहे."

हे वाक्य गेले काही आठवडे माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हा लेख.

शेजारीण सत्तरीकडे झुकलेली. जन्मभर शाळेची बस चालवली, शिकार वडिलांकडून शिकली. पूर्वी तिचा नवरा शिकारीचं ओझं वाहायचा. तो गेल्यापासून हे काम माझ्याकडे आलं, कारण आमच्या घरात पाठ फक्त माझीच धड आहे. शिकारीबद्दल मला ठाम मत नाही, असं मी सगळ्यांना सांगते. 1972च्या वन्यजीव कायद्याच्या छायेत वाढलेल्या माणसाला शिकार म्हटलं की वाघावर पाय ठेवून उभे संस्थानिक आठवतात, नाहीतर कोर्टाच्या तारखा. इथे कोलोरॅडोत एल्कची संख्या अडीच लाखांहून जास्त, देशातल्या कुठल्याही राज्यापेक्षा अधिक. एल्क म्हणजे सांबराचा थोरला भाऊ समजा. नर सहज तीनशे किलो भरतो. दर शरद ऋतूत लोक परवाने काढतात, त्या पैशावर वन्यजीव खातं चालतं, आणि मांस वाया घालवणं हा गुन्हा आहे. सगळं रीतसर. तरीही जनावर पडतं तेव्हा मी दुसरीकडे बघते. आणि नंतर खिमा करते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

पण गर्दीकडे येऊ. ऑरेगनमध्ये स्टार्की नावाचं संशोधनासाठी राखलेलं जंगल आहे. चाळीसेक चौरस मैलांना उंच कुंपण घालून 1989पासून तिथे एल्क कुठे जातात, कुठे जात नाहीत याचा माग ठेवतात. निघालं ते असं, की वाहनं चालतात त्या रस्त्यापासून एल्क लांब सरकतात, आणि वाहतूक वाढली की आणखी लांब. म्हणजे पार्किंगमधल्या सात गाड्या ही नुसती माणसांची मोजदाद नव्हती. दिवस उजाडल्यावर त्या वाटेच्या दोन्ही अंगांना एल्क नसणार, याची ती पाटी होती.

आणि इथे मला डोंबिवली आठवली. लोकलमध्ये गर्दी गाडीत नसते, जिन्यासमोर असते. हे बाहेरच्याला पटत नाही. फलाटावर जिना जिथे उतरतो तिथे समोर येणारा डबा फुटायला आलेला असतो, आणि पाच डबे मागे बायका चक्क पर्स मांडीवर ठेवून बसलेल्या असतात. चालायचं किती, तर दीडशे पावलं. पण ती दीडशे पावलं उलट दिशेला असतात, आणि ठाण्याला उतरल्यावर पुन्हा तेवढीच मागे यावी लागतात. बहुतेकांना हिशेब परवडत नाही. म्हणून जिन्यासमोरचा डबा कायम भरलेला. काही जणी तर कोपरहून उलट डोंबिवलीला यायच्या, आणि सुटणाऱ्या गाडीत खिडकी धरून त्याच कोपरवरून विजयी मुद्रेनं जायच्या. मी स्वतः सहा महिने मागच्या डब्याची व्रतस्थ प्रवासी होते. मग पावसाळा आला, फलाटाच्या त्या टोकाला छप्पर नव्हतं, आणि मी निमूट जिन्यासमोर परतले. शेवटी माणूस किती वेगळा वागेल, हे छपरावर ठरतं.

शिकारी तसेच. रस्त्यापासून मैलभर आत शिरेपर्यंत नारिंगी टोप्याच टोप्या. (रायफलच्या हंगामात पाचशे चौरस इंच झगझगीत नारिंगी अंगावर लागतंच, त्यात डोक्यावरची टोपीही आली. 2016पासून गुलाबीही चालतं. शेजारीण गुलाबीचं नाव काढू देत नाही.) मैलभरानंतर टोप्या विरळ होतात, कारण गोळी झाडणं सोपं असतं, मांस आणणं कठीण. नराचं हाडं काढलेलं मांस नव्वद किलो धरा. एकट्या माणसानं पंचवीस-पंचवीस किलो उचललं तर चार फेऱ्या. जागा गाडीपासून तीन मैल असेल, तर ओझ्यासकट चार वेळा बाहेर आणि रिकाम्या पाठीनं तीन वेळा आत, म्हणजे एकवीस मैल. हा पाढा ज्याला पाठ आहे तो जिन्यासमोरच थांबतो. मी त्याला दोष देत नाही.

मग मोकळी जागा शोधायची कशी? तिनं गाडीतच नकाशा माझ्या मांडीवर टाकला आणि शिकवणी सुरू केली. ही माहिती इथल्या आपल्या भटक्या मंडळींनाही उपयोगी आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. बंदूक हवीच असं नाही.

आधी रंग. हिरवं म्हणजे वनखात्याचं, पिवळं म्हणजे ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटचं. ही दोन्ही साऱ्या जनतेची. पांढरं खासगी. निळं राज्याचं, आणि नवखा माणूस फसतो तो निळ्यावर. कोलोरॅडोत शाळांसाठी राखलेल्या जमिनी आपोआप खुल्या नसतात. वन्यजीव खात्यानं भाडेपट्ट्यानं घेतल्या असतील तेवढ्याच, नेमलेल्या काळापुरत्या खुल्या. पांढऱ्यावर कुंपण किंवा पाटी नसली तरी परवानगीशिवाय शिकारीला शिरता येत नाही. पाटी नव्हती, ही सबब इथे चालत नाही.

मग वनखात्याचा दुसरा नकाशा, मोटारींच्या रस्त्यांचा. काळापांढरा, कुरूप आणि फुकट. वाहनाला कुठला रस्ता कुठल्या तारखेपर्यंत खुला, एवढंच त्यात असतं. पण त्यावरच खरी गर्दी दिसते. खुल्या रस्त्यांवर पिवळ्या पेन्सिलीनं जाडजूड पट्टे ओढायचे, आणि कागद कुठे कोरा राहतो ते बघायचं. मला वाटलं होतं कोरा भाग म्हणजे लांबचा. तसं नाही. मोठ्या हमरस्त्याला लागून, गाडी उभी करायला जागा नाही म्हणून कोरा राहिलेला तुकडाही असतो. रस्त्याकडून खाली उतरणारा उतार तर जवळजवळ नेहमीच कोरा. माणूस सकाळी ताज्या पायांनी चढतो. सकाळी उतरून संध्याकाळी ओझ्यासकट चढायचं कोणाच्या मनात येत नाही.

वाइल्डरनेस म्हणून घोषित केलेल्या भागाबद्दल माझा भ्रम होता. 1964च्या कायद्यानं तिथे मोटार नाही, सायकल नाही, मांस ओढायची हातगाडीसुद्धा नाही. मला वाटलं, मग निवांतच असणार. "नाव इतकं छान आहे की सगळे तिथेच जातात," शेजारीण म्हणाली. "घोडेवाले तंबू ठोकून बसलेले असतात." महाबळेश्वरला 'सायलेंट पॉइंट' काढला तर तिथे काय होईल, तेच.

आडवी पडलेली झाडं हा आणखी एक आडोसा. इथल्याच माउंट झर्केलच्या डोंगरात ऑक्टोबर 1997मध्ये एका पहाटे ताशी शंभर मैलांहून जास्त वेगाच्या वाऱ्यानं हजारो एकरांवरची झाडं उताणी पाडली. मागून भुंगे आले, त्यांनी उभी राहिलेलीही पोखरली. असल्या पडझडीत तासाला अर्धा मैल चाललात तर शाबासकी. पण तिच्या पलीकडे चार एकरांचं गवताळ मोकळं असेल, तर तिथे कोणी आलेलं नसतं.

आणि शेवटची युक्ती, जी मला सगळ्यात आवडली: गर्दी टाळायची नाही, वापरायची. सकाळी नऊच्या सुमाराला कंटाळलेले, गारठलेले शिकारी गाड्यांकडे परततात. त्यांच्या पायरवानं आणि वासानं एल्क उठतात, आणि ठरावीक खिंडीतून पलीकडच्या दाट उतारावर जातात. तिथे आधीच जाऊन बसायचं. हे ऐकून मी हसायलाच लागले. बसलेल्या बाईला "तुम्ही कुठे उतरणार?" विचारून तिच्या गुडघ्याला गुडघा लावून उभं राहायचं, ते हेच. शेजारणीला हे समजावून सांगायला मला कॅमेरॉन पासच्या घाटाएवढा वेळ लागला. तिला सगळं पटलं. चौथ्या सीटवर अर्धी मांडी टेकवून माणूस तासभर प्रवास करतो, एवढंच पटलं नाही.

एका गोष्टीवर मात्र मी समतोल राहू शकत नाही. नकाशावर कितीतरी हिरवे-पिवळे चौकोन चहूबाजूंनी पांढऱ्यानं वेढलेले दिसतात. जमीन जनतेची, जायला वाट नाही. शेजारच्या वायोमिंगमध्ये हे बुद्धिबळाच्या पटासारखं आहे, आणि त्याचं मूळ, बघा, रेल्वेतच. 1860च्या दशकात रूळ टाकावेत म्हणून सरकारनं कंपनीला एकाआड एक मैलाचे चौकोन देऊन टाकले. तिथे एल्क माउंटन म्हणून डोंगर आहे. मिझुरीहून आलेल्या चार शिकाऱ्यांनी दोन सरकारी चौकोन जिथे कोपऱ्यात टेकतात तिथे शिडी उभी केली आणि खासगी जमिनीला पाय न लावता पलीकडे उतरले. जमीनमालकानं लाखो डॉलरांचा दावा लावला. मार्च 2025मध्ये अपील कोर्टानं शिकाऱ्यांच्या बाजूनं निकाल दिला, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टानं प्रकरण ऐकायला नकार दिला. मालकांचीही बाजू असते, कुंपणं तुटतात, फाटकं उघडी राहतात, हे मला मान्य आहे. पण चावी एकाकडे आणि कर सगळ्यांनी भरायचा, असल्या निवांतपणाला मी निवांतपणा म्हणत नाही.

आमचं काय झालं? आम्ही नकाशावरच्या एका कोऱ्या तुकड्याशी गेलो. कुठे, ते सांगणार नाही. तशी शपथ घातली आहे. शनिवार ते सोमवार काही दिसलं नाही. रविवारी शेजारणीनं माझं डोकं हुंगून विचारलं, "तेल लावलंस?" लावलं होतं. पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते, ऊन लागलं की वर चढते, आणि दोन्ही वेळा माझं खोबरेल तेल दरीभर पोचत होतं. सोमवारी रात्री तळावर पातेलंभर पाणी तापवून केस धुतले. मंगळवारी, शनिवार-रविवारची मंडळी कामाला गेल्यावर, साडेसातला एक मादी त्या खिंडीतून आली. मी दुसरीकडे बघितलं.

रस्ता तिथून दीड मैल, आणि नऊशे फूट वर. तिच्या पाठीवर पंचवीस किलो, माझ्या अठरा, आणि दोन फेऱ्या. दुसरी फेरी संपली तेव्हा अंधार पडला होता. रस्त्याकडेला आमची गाडी एकटीच उभी होती, आणि ते बघून मला जे वाटलं ते मागच्या डब्यात खिडकी मिळाल्यावर वाटायचं. सासूबाईंनी फोनवर विचारलं, एवढी यातायात करण्यापेक्षा दुकानात का नाही मिळत? मी म्हटलं, दुकानात रांग असते.

परवान्यांच्या पुढच्या सोडतीचे अर्ज एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी रात्री आठला बंद होतात. शेजारीण म्हणते, तूही परवाना काढ. मी नाही म्हटलं. मी ओझ्यालाच बरी.