तिशीच्या आत

मांजराचा खोकला खोकल्यासारखा दिसत नाही. मनी पोट जमिनीला टेकवून बसायची, मान पुढे ताणायची आणि घशातून घरघर काढत तोंड वासायची. वाटायचं, आता केसांचा गोळा पडणार. तो कधी पडायचा नाही. डॉक्टरांनी मोबाइलवरचा व्हिडिओ पाहिला आणि थेट एक्स-रे काढला. श्वासनलिकांच्या जाड झालेल्या भिंती त्यात पांढऱ्या कड्यांसारख्या दिसत होत्या. हृदय ठीक होतं, शी तपासली तर फुप्फुसात जाणारे जंतही नव्हते. उरला दमा. बरा होणार नाही, आटोक्यात राहील, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं.

त्यांनी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड लिहून दिलं आणि घरात वाद सुरू झाला. ही गोळी आमच्या ओळखीची. आईनं ती संधिवातासाठी घेतली होती. तोंड सुजलं, भूक वाढली, पाठोपाठ शुगर आली. "अरे, हिला शुगर झाली तर इन्सुलिन कोण टोचणार?" या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मांजरं माणसांपेक्षा स्टेरॉइड बरं सोसतात, असं डॉक्टर म्हणाले. पण मोठा डोस फार काळ चालला तर मधुमेहाचा धोका असतो, हेही त्यांनी लपवलं नाही. कित्येक आठवडे अंगात राहणारं इंजेक्शन हा सोपा मार्ग होता. मी नको म्हटलं. एकदा टोचलेलं औषध परत काढता येत नाही; गोळी निदान अर्धी तरी करता येते. तीही हळूहळूच, कारण शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं विसरलेलं असतं. तरीही स्टेरॉइडच्या नावानं बोटं मोडणाऱ्यांनी एकदा मांजराला तोंड उघडून धापा टाकताना पाहावं. तशा वेळी वाट पाहायची नसते, पिंजऱ्यात घालून दवाखाना गाठायचा असतो.

गोळी कमी करायची तर पंप हवा. फ्लुटिकासोन, १२५ मायक्रोग्रॅम, सकाळ-संध्याकाळ. औषध थेट फुप्फुसात जातं, बाकीच्या शरीराला थोडंच लागतं. मात्र त्याचा गुण यायला आठवडा-दोन आठवडे जातात, तोवर गोळी सोबत चालूच. मेडिकलवाल्यानं पंपाला जोडायच्या नळीचा, म्हणजे स्पेसरचा, सर्वांत छोटा मास्क काढत विचारलं, "बाळ केवढं आहे?" मी म्हटलं, "साडेचार किलो." त्यानं पुढे काही विचारलं नाही.

मास्क दाखवला की मनी सोफ्याखाली. म्हणून आधी नुसताच रिकामा मास्क, कडेला ट्यूनाचं बोट पुसलेलं. तो चाटता चाटता नाक आत जाऊ लागलं, तेव्हा कुठे पंप जोडला. फुस्स आवाजानं ती दचकायची, म्हणून पंप आधी दाबायचा आणि मग लगेच मास्क लावायचा. स्पेसरला पातळ पडदा असतो. श्वासागणिक तो फडकतो. दहा वेळा फडकला की सुटका आणि खाऊ. साल्ब्युटामॉलचा दुसरा पंप फक्त अटॅकसाठी. तो रोज द्यायचा नाही, त्यानं आतली सूज हटत नाही.

शेजारच्या काकूंनी निलगिरीची वाफ सुचवली. असली तेलं मांजरांना बाधतात, दमेकरी मांजराला तर नकोतच. लिटर बिनधुळीचं आणलं, मच्छर कॉइल बंद केली. खरी अडचण उदबत्तीची होती. आईला मी काही सांगितलं नाही, ते धाडस माझ्यात नव्हतं. पूजा चालू असताना मनी दोनदा खोकली आणि दुसऱ्या दिवसापासून देवापुढे फक्त निरांजन आलं. दिवाळीत मात्र खिडक्या लावून बसण्यावाचून इलाज नाही.

रोजचा हिशेब श्वासांचा. मनी गाढ झोपली की छाती वर-खाली होईल तो एक, असे मिनिटभर मोजायचे. तिशीच्या आत असले तर ठीक. चाळिशीकडे झुकू लागले की डॉक्टरांना फोन. हे काम आईनं आपणहून घेतलं. कॅलेंडरवर दूध आणि गॅसच्या नोंदींशेजारी तिचे आकडे असतात.

सध्या अर्धी गोळी एक दिवसाआड चालू आहे. दवाखान्यात घाबरून मांजराची साखर उगाच वाढते, म्हणून डॉक्टर फ्रुक्टोसामीन तपासतात. त्यातून मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी कळते. परवाचा रिपोर्ट चांगला आला. आईनं तो चष्मा लावून वाचला, स्वतःच्या रिपोर्टशेजारी धरला आणि म्हणाली, "हिला पथ्य पाळायला लावणारं कुणीतरी आहे."