रंकाळ्यावरचा मॉक इंटरव्ह्यू

शनिवारी पहाटे साडेपाच. मुंबईत या वेळी मी अलार्म तीनदा स्नूझ करते. कोल्हापुरात मात्र रंकाळ्याच्या काठावर धापा टाकत उभी होते. माझी मामेबहीण तिसरा राऊंड मारून परत आली आणि म्हणाली, ‘‘ताई, एवढ्यात दमलीस?’’

खरं तर मी आले होते मिसळ आणि तांबड्या-पांढऱ्यासाठी. पण मॅडम एनडीएची लेखी परीक्षा पास झाल्यात! आता एसएसबी. लेखीला 900 मार्क, एसएसबीलाही 900. पाच दिवस चालणारी ही मुलाखत म्हणजे नुसती प्रश्नोत्तरं नाहीत. चित्र 30 सेकंद बघायचं आणि चार मिनिटांत गोष्ट लिहायची. 60 शब्द, प्रत्येकाला 15 सेकंद. पहिल्याच दिवशी स्क्रीनिंगमध्ये उडालात, तर बॅग उचलून घरी. त्यात वयाची अट साडेसोळा ते साडेएकोणीस, म्हणजे हिचा हा शेवटचा चान्स.

सुप्रीम कोर्टाच्या 2021च्या आदेशानंतर एनडीएचं दार मुलींना उघडलं. 2022मध्ये आत गेलेल्या पहिल्या बॅचच्या 17 जणी मे 2025मध्ये खडकवासल्याहून पास होऊन बाहेर पडल्या. त्या बातमीचं कात्रण हिच्या कपाटाच्या दाराला चिकटवलंय.

मुलाखतीत आपल्या गावाबद्दल हमखास विचारतात. म्हणून दुपारी आमची ‘कोल्हापूर दर्शन’ निघाली. शाहू महाराजांनी 1912मध्ये उभारलेलं खासबाग मैदान, मधोमध हौदा आणि भोवती चढत गेलेली बैठक. महाराजांनी 1902मध्ये दिलेलं 50 टक्के आरक्षण. कोरियात भारतीय फौजेचं नेतृत्व करणारे इथलेच जनरल थोरात. हिला सगळं तोंडपाठ! मला वांद्र्यातले कॅफे पाठ, माझ्याच आजोळाचं हे काहीच नाही. लाज वाटली, यार.

रात्री गच्चीवर मॉक इंटरव्ह्यू. मी पॅनेल. मामा कोपऱ्यात गप्प. ते मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झालेत.

‘‘आर्मीच का?’’ मी विचारलं.

ती सुरू झाली. 2019चा महापूर, शिरोळकडचं आमचं गाव, बोट घेऊन आलेले जवान, तेव्हाच मनाशी निश्चय वगैरे. एकदम फिल्मी.

‘‘खोटं,’’ मामा पहिल्यांदाच बोलले. ‘‘त्या दिवशी काय केलंस ते सांग की.’’

ती लाल झाली. मग हळूच म्हणाली, ‘‘म्हैस मागं राहिली म्हणून बोटीतल्या जवानाशी भांडले. त्यानं ऐकून घेतलं, पण बोट वळवली नाही. बोटीत माणसं होती. तेव्हा त्याचा लई राग आला. आता वाटतं, तो निर्णय मला घेता येईल का?’’

मामा उठले. ‘‘हेच सांग तिथं,’’ एवढं म्हणून खाली गेले. पोरगी ऑफिसर झाली, तर तिला पहिला सॅल्यूट कोण ठोकणार, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

एसएसबीत आणखी एक पेपर असतो. आई-वडील, शिक्षक, मित्र आणि तू स्वतः, तुझ्याबद्दल कोणाला काय वाटतं? 15 मिनिटांत लिही. परतीच्या बसमध्ये मी ऑफिसचा सेल्फ-अप्रेझल फॉर्म उघडला होता. तो बंद केला आणि कागदावर हा पेपर लिहायला घेतला.

कराड गेलं, सातारा आलं. माझ्या चार ओळीसुद्धा झाल्या नव्हत्या.