ब्रेक सोडू नका

नवी गाडी दारात आली की घरातले तिचा रंग बघतात, डिकी उघडून बघतात, पडद्यावर गाणं लावून बघतात. चालवणाऱ्याचे हातपाय मात्र बरेच दिवस जुन्याच गाडीत असतात. डावा पाय क्लच शोधतो. डावा हात हँडब्रेककडे जातो, तर तिथे बोटाएवढं बटण. सिग्नलला इंजिन चालू आहे की बंद, हे कानांना कळत नाही. लोक म्हणतात, होईल सवय आपोआप. सोयींची होतेही. पण गाडीतल्या ज्या गोष्टी जीव वाचवण्यासाठी बसवल्यात, त्यांची सवय मुद्दाम करून घ्यावी लागते, आणि हे आपल्याला कुणी सांगत नाही.

मी गाडी शिकले ती बाबांच्या मारुती 800 वर. डिसेंबर 1983 मध्ये पहिली 800 रस्त्यावर आली, 2014 च्या सुरुवातीला तिचं उत्पादन थांबलं. मधल्या तीस वर्षांत आमच्यासारख्या कितीतरी घरांनी स्टेअरिंग पहिल्यांदा हातात धरलं ते तिचंच. 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन. थंडीत चोक ओढल्याशिवाय ते धड चालू व्हायचं नाही. गिअर कधी बदलायचा ते इंजिनच्या आवाजावरून ठरायचं, टायरमधली हवा उतरली की गाडी एका अंगाला ओढायला लागायची, त्यावरून समजायचं. आंबा घाटात चढावर थांबावं लागलं तर हँडब्रेक, हाफ क्लच आणि ॲक्सिलरेटर यांचा मेळ बसेपर्यंत मागच्या एसटीचा हॉर्न ऐकत बसायचं. आता ब्रेकवरून पाय काढला तरी गाडी चढावर दोनेक सेकंद जागची हलत नाही. जुने लोक हळहळतात, त्या कसरतीत मजा होती म्हणतात. मला त्या कसरतीचं काहीही वाटत नाही. मागे दुचाकी उभी असते, तिच्यावर पुढे लहान मूल बसलेलं असतं. त्या दोन सेकंदांसाठी मी त्या इंजिनिअरांची ऋणी आहे.

बाबांनी शिकवलेली एक गोष्ट मात्र मला निग्रहाने विसरावी लागली. ‘ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबून धरायचा नाही, तुटक तुटक मारायचा,’ असं ते घाटात दर पावसाळ्यात बजावायचे. त्यांचं अगदी बरोबर होतं. त्या गाडीत ब्रेक गच्च दाबला की चाकं जागीच अडकायची, आणि अडकलेलं चाक घसरत जातं. मग स्टेअरिंग कितीही फिरवा, गाडी वळत नाही. आज आपल्याकडे एप्रिल 2019 पासून प्रत्येक नव्या गाडीत एबीएस सक्तीचं आहे. प्रत्येक चाकाजवळचा सेन्सर त्या चाकाचा वेग मोजत असतो. एखादं चाक अडकू लागलं की यंत्रणा त्याचा ब्रेक क्षणभर सैल करते आणि पुन्हा लावते, सेकंदाला अनेकदा. म्हणजे बाबा जे पायाने करायला सांगत, तेच ती करते, आणि कुठल्याही पायाला जमणार नाही इतक्या वेगाने. आता चालकाने करायचं ते नेमकं उलटं आहे: पूर्ण जोर लावून ब्रेक दाबायचा, दाबून धरायचा आणि अडथळ्याच्या बाजूने गाडी काढायची.

अडचण अशी की एबीएस काम करू लागलं की ब्रेकचं पेडल पायाखाली थरथरतं. खालून करकर आवाज येतो. हे आधी अनुभवलं नसेल तर काहीतरी मोडलं असंच वाटतं आणि पाय आपसूक वर येतो. जिथे उचलायचा नाही नेमका तिथेच. म्हणून पाऊस पडून गेल्यावर गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर, आसपास माणूस-जनावर नाही याची खात्री करून, बेताच्या वेगात मी ब्रेक कचकन दाबला आणि धरून ठेवला. तळपायाला पहिला हिसका बसतो तो चपलेतूनही जाणवतो. मांडीपर्यंत एक बारीक थरथर जाते. आणि त्या थरथरीत स्टेअरिंग फिरवलं की गाडी खरोखर वळते. ते वळणं अंगाला कळलं त्या दिवशी ही गाडी माझी झाली. एबीएसमुळे गाडी दर वेळी कमी अंतरात थांबते असंही नाही. सुट्या खडीवर उलट थोडी पुढेच जाऊ शकते. आपल्याला मिळतं ते वळणं.

याच्या पुढची पायरी म्हणजे ज्याला सगळे ‘ॲडास’ म्हणतात ते. काचेमागे आरशाजवळ एक कॅमेरा, बऱ्याच गाड्यांत पुढे एक रेडारही. समोरचं वाहन अचानक थांबलं तर गाडी स्वतः ब्रेक लावते. इंडिकेटर न देता लेन सोडली तर स्टेअरिंग हलकेच मागे ओढते. पुणे-कोल्हापूर रस्त्यावर पट्टे नीट रंगवलेत तिथे हे छान चालतं. डायव्हर्जन आलं, पट्टे संपले, की गाडी गप्प. 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर तर समोरच्या गाडीपासूनचं अंतरसुद्धा ती सांभाळते. पाय मोकळा होतो आणि मन भरकटू लागतं. हात जरा सैल पडले की पडद्यावर सूचना येते, स्टेअरिंग धरा. त्या सूचनेचा राग येणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: ही यंत्रणा मदतनीस म्हणून दिली आहे, चालकाच्या जागी नाही, असं बनवणारेच लेखी सांगतात.

आमच्या कोल्हापूर-सांगलीकडे याचा अर्थ गळीत हंगामात कळतो. रात्रीची वेळ, पुढे ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, उसाची टोकं मागे हात-दीड हात बाहेर आलेली, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाने झाकलेला. विचित्र आकाराचं किंवा माल बाहेर आलेलं वाहन ओळखता येईलच असं नाही, हे अशा गाड्यांच्या माहितीपुस्तकांतच छापलेलं असतं. रेडारने ट्रॉली पकडली तर उत्तम. पण रेडारच्या भरवशावर वेग ठेवायचा नाही. हेडलाइटच्या उजेडात थांबता येईल इतकाच वेग, हा बाबांचा नियम मी जसाच्या तसा ठेवला आहे.

माझ्या गाडीचा रेडार पुढच्या जाळीत आहे. दसऱ्याला आईने नेहमीप्रमाणे तिथे झेंडूचा हार बांधला, आणि निघाल्यावर पडद्यावर आलं: पुढचा सेन्सर झाकला गेला आहे. हार बॉनेटच्या वरच्या कडेला सरकवला तेव्हा ती सूचना गेली. पूजा होते, यंत्रही बघू शकतं. फक्त ते कुठे बसवलंय हे ठाऊक हवं.

एका बाबतीत मी नव्या गाड्यांवर नाराज आहे. एसीचा वारा कमी करायला पडद्यावर तीन ठिकाणी बोट लावावं लागणं ही प्रगती नाही. जुनं गोल बटण न बघता फिरायचं, डोळे रस्त्यावरच राहायचे. युरोपातल्या युरो एनकॅप या तपासणी संस्थेनेही 2026 पासून पूर्ण गुणांसाठी इंडिकेटर, हॉर्न, वायपर यांसारख्या गोष्टींना खरी बटणं असावीत असा आग्रह धरला आहे. योग्यच केलं.

बीपबद्दल मात्र माझी काही तक्रार नाही. सीटबेल्टची बीप बंद करायला लोक बक्कलमध्ये नुसती क्लिप अडकवतात. 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या पाच मोठ्या कंपन्यांना या क्लिपा काढून टाकायला लावल्या, तरी कितीतरी गाड्यांत त्या अजून आहेत. एअरबॅग बेल्ट लावलेल्या माणसासाठी बनवलेली असते. ती डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगते, आणि बेल्ट नसलेला माणूस तोवर तिच्यावर जाऊन आदळतो, तिच्यामुळेच जखमी होऊ शकतो. क्लिप लावणारा माणूस बेल्टबरोबर एअरबॅगही घालवतो. आई मागच्या सीटवर बसते, तिलाही मी बेल्ट लावल्याशिवाय निघत नाही.

शोरूममध्ये गाडी ताब्यात घेतानाचा सोहळा आपण सगळ्यांनी पाहिलाय. कापड ओढतात, पेढे देतात, फोटो काढतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. मग एक तरुण मुलगा दहा-पंधरा मिनिटांत फोन जोडून देतो, गाणी लावून दाखवतो, आणि संपलं. एबीएसबद्दल मला तिथे कुणी चकार शब्द बोललं नाही. पुस्तक मिळालं ते जाडजूड आणि इंग्रजीत. आईबाबांच्या पिढीने ते कधी वाचायचं? महाराष्ट्रात लाखो रुपयांची गाडी विकणाऱ्यांनी निदान सुरक्षेची वीस-पंचवीस पानं मराठीत द्यावीत, आणि ड्रायव्हिंग स्कूलनी पेडलची थरथर एकदा तरी पायाला दाखवावी. तोवर तुम्ही नवी गाडी घेणार असाल तर पेढ्यांच्या आधी एक तास मागून घ्या, त्या मुलाला शेजारी बसवा आणि कोणती यंत्रणा कधी काम करत नाही, हे आधी विचारा.