गणेशखिंडीतला दुसरा शनिवार

पुण्याची गणेशखिंड म्हणजे एके काळी लाटसाहेबाची हद्द. मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरचा टोलेजंग बंगला इथे होता आणि आमंत्रणावाचून आत पाऊल टाकण्याची कोणाची छाती नव्हती. २२ जून १८९७ च्या रात्री राणीच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून रँडसाहेब इथूनच निघाला आणि वाटेत चापेकर बंधूंनी त्याला गाठले. पुढे स्वराज्य आले, १९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि लाटसाहेबाचा बंगला विद्यार्थ्यांचा झाला.

या विद्यापीठाच्या आवारात थोडे आत चालत गेले की काळ्या दगडाच्या भिंती दिसू लागतात. खाली आपला सह्याद्रीचा काळा पाषाण, त्यावर कडप्पा आणि अगदी वर चकचकीत काळा ग्रॅनाइट. काळ्यावर काळे आणि त्यावर पुन्हा काळे! रात्रीचे आकाश दगडात उतरवावे अशी ही चार्ल्स कोरियांची कल्पना. हे आंतरविद्यापीठ खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र. लोक त्याला सुटसुटीतपणे ‘आयुका’ म्हणतात. १९८८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने ते स्थापले आणि डॉ. जयंत नारळीकर त्याचे पहिले संचालक झाले. अंगणात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. देश निराळे, शतके निराळी, पण चौघांचे अंगण एकच!

आत एक लंबक टांगलेला आहे. पाहुणे त्याच्याकडे दोन मिनिटे बघतात आणि पुढे जातात. पण गंमत बघायची तर घाई उपयोगाची नाही. लंबकाच्या झोक्याची दिशा हळूहळू वळते, कारण त्याच्याखालची पृथ्वी फिरत असते. फूकोने १८५१ साली पॅरिसकरांना हेच दाखवले. पॅरिसला ही फेरी सुमारे ३२ तासांत पुरी होते. ध्रुवावर ती दिवसभरात होईल आणि विषुववृत्तावर मुळीच होणार नाही. पुण्याला लागतात सुमारे ७५ तास, म्हणजे तीन दिवसांहून थोडे अधिक. आपले गाव विषुववृत्तापासून किती दूर आहे, हे एक लोंबता गोळा सांगतो! नकाशा नको आणि आकाशातला तारासुद्धा नको.

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी इथल्या चंद्रशेखर सभागृहात आठवी ते दहावीच्या मुलांसाठी व्याख्याने भरवण्याची प्रथा पडली. एकच विषय एकदा इंग्रजीत आणि एकदा मराठीत किंवा हिंदीत. गणवेशातली पोरे रांगेने येतात, खुर्च्यांचा खडखडाट होतो, मास्तर डोळे वटारतात आणि मग दिवे मंद होतात. समोर उभा असतो तो पुस्तकातला धडा वाचून दाखवणारा नव्हे, तर त्या विषयात स्वतः काम करणारा माणूस. आपल्याला न कळलेली गोष्ट त्यालाही पुरती कळलेली नसते, हे मुलांना तिथे प्रथमच उमगते. केवढा धीर येतो त्याने!

नारळीकरांची एक रीत होती. मुले सहीसाठी गराडा घालत, तेव्हा ते म्हणत, सही मिळायची नाही. पोस्टकार्डावर विज्ञानातला एखादा प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही येईल. वही पुढे करायला काही लागत नाही. प्रश्न मात्र घरी बसून शोधावा लागतो, नीट मांडावा लागतो आणि पेटीत टाकेपर्यंत दहा वेळा वाचावा लागतो. सहीच्या लोभाने का होईना, पोर विचाराला लागे.

२० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. आता ती सही मिळणार नाही. परीक्षेत उत्तराला गुण मिळतात, प्रश्नाला नाहीत. त्यामुळे आपल्या घरांतून ‘गप्प बस, अभ्यास कर’ हेच अधिक ऐकू येते. त्या पोस्टकार्डांची वाट पाहणारा कोणी तरी घरोघर हवा.

तेव्हा पुण्यास जाणे झाले, तर आधी चौकशी करून ठेवा आणि मुलांना घेऊन गणेशखिंडीत जा. २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन साधला तर फारच उत्तम. परतताना ‘काय पाहिलेस?’ असे मात्र विचारू नका. ‘काय विचारावेसे वाटले?’ असे विचारा, आणि उत्तर येईपर्यंत घाई करू नका.