फाटलेल्या बॅनरची बातमी

२०२३च्या हिवाळ्यात आखाडा बाळापुरात वार्ताहर म्हणून हिंडताना चौकाचौकात एकच प्रश्न यायचा, "भाऊ, तुम्ही कोणाकडून?" त्या वर्षी १ सप्टेंबरला अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला. मग गावोगाव साखळी उपोषणं बसली, वेशीवर पुढाऱ्यांना गावबंदीचे फलक लागले. ऑक्टोबरअखेर हिंगोलीचे खासदार हेमंत पाटील यांनी त्याच मागणीसाठी राजीनामा दिला आणि उलट बाजूने २६ नोव्हेंबरला हिंगोलीतच ओबीसींचा एल्गार मेळावा झाला.

त्यानंतर एका सकाळी व्हॉट्सॲपवर फोटो आला. नांदेड रस्त्यावरच्या फाट्यावर एका नेत्याचं बॅनर फाटलं होतं, खाली एका समाजाचं नाव घेऊन शिवी. दुपारपर्यंत 'अमक्याच्या दुकानातून माल घेऊ नका' असे निरोप फिरू लागले.

मी फाट्यावर गेलो. बॅनर आडवं फाटलेलं, तेही माणसाचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर. बांबूला उसाचं पाचट अडकलेलं. जवळच्या पेट्रोल पंपावर कॅमेऱ्याचं चित्रण पाहिलं: पहाटे उसाची ट्रॉली वळताना बॅनरला घासून गेली होती. बीट जमादारांना ते दाखवलं, दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांना बोलावून दाखवलं. त्यांतला एक मला बाजूला घेऊन म्हणाला, "छापू नका. पोरं तापलेलीच राहू द्या."

पोरं तापली की काय होतं, हे मराठवाड्याने पाहिलंय: १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून इथे दलित वस्त्या जळाल्या. ते दिवस पाहिलेली माणसं आमच्या भागात अजून आहेत. त्यांच्याशी बोलल्यावर असली बातमी दाबायची हिंमतच होत नाही.

'छापू नका' म्हणणारा तो कार्यकर्ता माझा जाहिरातदार होता. तालुक्याच्या वार्ताहराला सहसा पगार नसतो. नेत्यांच्या वाढदिवसाच्या पुरवण्यांवरचं कमिशन हीच कमाई, आणि ज्याच्याबद्दल लिहायचं तोच जाहिरात देणारा. पत्रकारावर हल्ला करणाऱ्याला महाराष्ट्रात २०१७च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरी २०२३च्याच फेब्रुवारीत राजापुरात रिफायनरीबद्दल लिहिणाऱ्या शशिकांत वारिसे यांना गाडीखाली चिरडलं गेलं. तेही छोट्या गावातले पत्रकार, जाण्यायेण्याची वाट सगळ्यांना ठाऊक असलेले. बॅनरची बातमी द्यायची म्हणालो, तेव्हा माझ्या घरच्यांनी वारिसे यांचंच नाव घेतलं.

बातमी मी दिली. आतल्या पानावर चार ओळी आल्या, आणि पुढची पुरवणी दुसऱ्या वार्ताहराकडे गेली. चित्रण मात्र मी जपून ठेवलं. २०२४च्या विधानसभा प्रचारात तोच फोटो नव्या तारखेने फिरला, तेव्हा त्याच व्हॉट्सॲप ग्रुपांवर ते चित्रण टाकता आलं.