एका प्लगची गोष्ट

कॉमर्सच्या पोराने पाना हातात धरावा, हे बाबांना पसंत नव्हते. "तू जमाखर्च बघ!" ते म्हणत.

त्या रविवारी रात्रीच्या गाडीने येणाऱ्या बाबांना आणायला मला बेळगाव स्टेशनवर जायचे होते. त्यांची जुनी टू-स्ट्रोक स्कूटर तिरकी केली, चोक ओढला. पाय दुखला, पण ती सुरू होईना. गॅरेज बंद. शेवटी उजवा पत्रा काढला. प्लग काळाकुट्ट, तेलाने ओला. पेट्रोलमधले ऑईल पुरते जळले नाही की असेच होते.

नवा प्लग दोनच आट्यांत अडकला. (मागे इंजिन असलेल्या पोर्शे ९११ ला सहा प्लग असतात. मला एकानेच घाम फोडला!) पान्याला जोर देणार, इतक्यात शेजारचे ड्रायव्हरमामा ओरडले, "सावकाश!" मामा कानडी बोलत होते की मराठी, देव जाणे, शब्द दोन्हीकडचा. हेड ॲल्युमिनियमचे, प्लग पोलादी. वाकडा गेला असता तर हेडचे आटेच गेले असते. प्लग उलटा फिरवून काढला, नुसत्या बोटांनी पुन्हा बसवला. पाना शेवटी, अर्धाच फेरा.

तिसऱ्या किकला धूर निघाला.

स्टेशनवर बाबांनी माझी काळी नखे पाहिली. जरा वेळाने मागच्या सीटवरून विचारले, "प्लग कितीला पडला?"