हत्तीचा पूल

करमाडच्या आमच्या धान्याच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक ओसरले, की गादीवर बुद्धिबळाचा पट मांडला जाई. बाहेर जालना रस्त्यावर वाहनांची वर्दळ असे. बाबूजींचे लक्ष मात्र पटावर.

दहावीत असताना एका शालेय स्पर्धेत मी जिंकत आणलेला डाव बरोबरीत घालवला. पटावर दोन्ही राजे, एकेक हत्ती आणि माझे एक जादा प्यादे. प्यादे सातव्या ओळीत. वजीर होण्यास एकच घर उरलेले. पण त्या घरात माझाच राजा बसलेला. तो बाहेर निघाला, की प्रतिस्पर्ध्याचा हत्ती शहामागून शह देई आणि मी पुन्हा आत शिरे. पहिला क्रमांक हुकला.

वाटले, बाबूजी समजूत काढतील. त्यांनी निमूटपणे तीच स्थिती मांडली. “राजाला आसरा कुठे आहे, ते शोध.” मी संतापून पट उधळला. पुढे दोन वर्षे त्यांच्यासमोर खेळायला बसलो नाही.

अखेर एका दिवाळीच्या सुट्टीत मीच पट मांडला. काही न बोलता त्यांनी हत्तीने एक शह देऊन शत्रूच्या राजाला आणखी एक पट्टी दूर लोटले. मग प्याद्याची घाई न करता हत्ती चौथ्या ओळीत आणून ठेवला. आता राजा बाहेर पडला. शह झेलत, प्यादे सांभाळत तो पाचव्या ओळीपर्यंत उतरला. पुढचा शह येताच चौथ्या ओळीतला हत्ती मध्ये आडवा उभा राहिला. शह संपले, प्याद्याचा वजीर झाला.

पुढे वाचनात आले, की या युक्तीला ‘पूल बांधणे’ म्हणतात आणि ही स्थिती लुसेना या स्पॅनिश खेळाडूच्या नावाने ओळखली जाते. गंमत अशी, की त्याच्या १४९७च्या ग्रंथात ती नाहीच. ती आढळते साल्व्हिओच्या १६३४च्या पुस्तकात. बाबूजींना यांपैकी एकही नाव ठाऊक नव्हते. त्यांना इतकेच ठाऊक होते, की शेवटचे घर जवळ आले, म्हणजे आधी मागे आसरा उभा करावा.

आज बाबूजी नाहीत. परवा माझी मुलगी त्याच स्थितीत अडली. उत्तर ओठांवर आले होते; मी गप्प राहिलो. बऱ्याच वेळाने तिने हत्ती उचलून चौथ्या ओळीत ठेवला.

बाबूजींसोबतच्या त्या दोन वर्षांतले न खेळलेले डाव मात्र आता मांडता येत नाहीत.